सायकल ट्रॅक आखताना सुरुवात चौकापासून करा: नागपूरच्या रस्त्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सायकल ट्रॅक करायचा म्हटलं की आपल्याकडे काम नेमकं उलट्या टोकाने सुरू होतं. रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारला जातो, त्यावर सायकलचं चित्र उमटतं, फोटो निघतात. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की पट्टा चौकाच्या बराच अलीकडे संपतोय. तिथून पुढचं सायकलवाल्याने आपलं आपण पाहायचं.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर सायकलस्वाराला जपणं तुलनेने सोपं आहे. गाठ पडते ती वळणाऱ्या वाहनाशी, उघडणाऱ्या कारच्या दाराशी, गल्लीतून न बघता बाहेर येणाऱ्या स्कूटीशी. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी चौक, मग गल्ल्यांची तोंडं, गेटं आणि बसथांबे, त्यानंतर सरळ पट्टा आणि अगदी शेवटी रंग. प्रभागातले रहिवासी, कनिष्ठ अभियंते, सिव्हिल आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी यांनी एक-दोन किलोमीटरचा रस्ता हातात घेऊन वापरावा, असा हा क्रम आहे.

आखणीच्या प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावा. सहावीतली मुलगी पाठीवर दप्तर घेऊन या जागेवरून एकटी सायकलने जाऊ शकेल का? पहाटे हेल्मेट घालून सेमिनरी हिल्सचा चढ मारणारे हौशी सायकलस्वार कुठूनही वाट काढतात, त्यांच्या सोयीने आखणी केली तर फसाल.

टप्पा १: रस्ता कोणाचा, हे लेखी मिळवा

नागपुरातले रस्ते एकाच कार्यालयाचे नाहीत. काही महापालिकेचे, काही नागपूर सुधार प्रन्यासचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, तर काही राष्ट्रीय महामार्ग म्हणून केंद्राच्या अखत्यारीतले. मेट्रोच्या खांबांखालचा दुभाजक आणि स्टेशनभोवतालची जागा हा आणखी वेगळा विषय. एकाच रस्त्याचा मधला भाग एकाकडे आणि कडेची नाली दुसऱ्याकडे, असंही होतं. चुकीच्या टेबलावर गेलेला प्रस्ताव महिनोन्महिने फिरत राहतो.

सुरुवातीलाच तीन गोष्टी कागदावर घ्या: रस्त्याचा मालक, विकास आराखड्यातली मंजूर रुंदी आणि येत्या दोन वर्षांत तिथे जलवाहिनी, मलवाहिनी, केबल किंवा सिमेंटीकरण यांपैकी काय नियोजित आहे. तिसरी माहिती सगळे विसरतात. नवा ट्रॅक सहा महिन्यांत खोदला गेला की तो पूर्ववत होत नाही. खड्डा बुजतो, पण तिथली पातळी कायमची बिघडते.

वेगमर्यादा, एकेरी वाहतूक, नो पार्किंग यांसाठी वाहतूक पोलिसांची अधिसूचना लागते, म्हणून त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. आराखडा झाल्यावर बोलावलंत तर ते फक्त हरकती घेतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

पत्र लिहिताना मानकांचा आधार द्या. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल ट्रॅकसाठी आयआरसी ११ ही स्वतंत्र संहिता आहे आणि तिची सुधारित आवृत्ती २०१५ सालची आहे. शहरी रस्त्यांच्या आखणीसाठी आयआरसी ८६, पादचाऱ्यांसाठी आयआरसी १०३, रस्त्यावरच्या खुणांसाठी आयआरसी ३५ आणि फलकांसाठी आयआरसी ६७ पाहा. अभियंत्याला संहितेचा क्रमांक दिला की बोलणं ‘आमची मागणी’ यावरून ‘तुमचं मानक’ यावर येतं.

टप्पा २: मोजणी योग्य दिवशी करा

रविवारी सकाळी केलेली मोजणी कचऱ्यात टाका. मोजणी मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान, सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ अशी करा. शाळा सुरू असायला हव्यात. विदर्भात उन्हाळी सुटीनंतर शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला आकडा फसवा असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना दुपारी केलेली मोजणीही तशीच. आठवडी बाजाराचा दिवस मात्र वेगळा मोजा. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार भरतो त्या दिवशी आजूबाजूचा रस्ता वेगळाच असतो, आणि आखणीला तोही दिवस पेलायचा असतो.

सायकलींची नुसती संख्या पुरेशी नाही. चार गोष्टी लिहा:

- सायकलवर कोण आहे: शाळकरी मुलं, बांधकामावर जाणारे मजूर, घरकामाला जाणाऱ्या बाया, सिक्युरिटी गार्ड, दूध-पेपरवाले. दुधाचे कॅन लटकवलेली सायकल साध्या सायकलीपेक्षा बरीच जागा घेते.
- ते रस्त्यावर नेमके कुठून चालवतात. कडेने, मधून की राँग साइडने? राँग साइडने येणाऱ्यांचं प्रमाण मोठं असेल तर शिस्तीवर भाषण देण्याआधी दुभाजकातली पुढची फट किती लांब आहे ते पाहा. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.
- कुठे उतरून सायकल ढकलतात. ही जागा नकाशावर लाल करा.
- मोटारी आणि दुचाकींचा प्रत्यक्ष वेग. फलकावरची मर्यादा नव्हे. ५० मीटरच्या दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या. ५० मीटर ६ सेकंदांत म्हणजे ताशी ३० किलोमीटर, साडेतीन सेकंदांत म्हणजे ५०च्या वर.

सावधान: ‘इथे सायकलीच नाहीत, मग ट्रॅक कशाला’ हा निष्कर्ष काढू नका. आज सायकली दिसत नाहीत याचा अर्थ अनेकदा इतकाच असतो की आईबाप मुलांना त्या रस्त्यावर सायकल काढू देत नाहीत. शाळेच्या गेटवर व्हॅन आणि ऑटो मोजा, आणि त्यातली किती मुलं तीन किलोमीटरच्या आत राहतात ते शाळेला विचारा. हा आकडा पदरात असू द्या.

टप्पा ३: वेगावरून प्रकार ठरवा, रुंदीवरून नाही

बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘जागा आहे का?’ त्याआधी विचारायचा प्रश्न आहे, ‘गाड्या किती वेगात जातात?’ धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ५०ने जाणाऱ्या गाडीत ३०च्या तुलनेत सुमारे पावणेतीन पट ऊर्जा असते. सायकलवाल्याच्या अंगावर तिचा पत्रा नसतो.

ढोबळ नियम असा:

- प्रत्यक्ष वेग ३० किंवा कमी आणि वर्दळ बेताची असेल, तर वेगळा ट्रॅक नको. रस्ताच संथ करा. महाल-इतवारीच्या गल्ल्या, धंतोली, लक्ष्मीनगरचे आतले रस्ते यांत मोडतात. इथे ट्रॅक कोंबायला गेलात तर फूटपाथचा बळी जाईल आणि दुकानदार उगाच अंगावर येतील.
- वेग ३० ते ५०च्या दरम्यान असेल तर सलग ट्रॅक हवा. त्याची पातळी रस्त्यापेक्षा उंच हवी किंवा मध्ये काहीतरी ठोस आडोसा हवा.
- वेग ५०च्या वर, ट्रक आणि बस असतील (रिंग रोड, वर्धा रोड, अमरावती रोडचे मोठे भाग), तर पूर्ण वेगळा ट्रॅक किंवा सर्व्हिस रोडवरून सोय. या रस्त्यांवर नुसता पांढरा पट्टा मारणं धोक्याचं आहे. पट्टा पाहून लोक विश्वास टाकतात, आणि तो पट्टा कोणाला अडवत नाही.

टप्पा ४: चौक आधी आखा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एकूण वेळेतला निम्मा चौकांवर गेला तरी चालेल. प्रत्येक चौकाचा १:२०० मापाचा नकाशा काढा, त्यावर पेन्सिलीने सायकलीची प्रत्येक वाट ओढा आणि ती मोटारीच्या वाटेला जिथे छेदते तिथे गोल करा. पुढचं सगळं काम त्या गोलांवर करायचं आहे.

४.१ फ्री लेफ्टचा निकाल लावा. आपल्या चौकांत डावीकडे वळायला सिग्नल लागत नाही, कोपरा मोठ्या गोलाईत कापलेला असतो, त्यामुळे गाडी वेग न मोडता वळते. सरळ जाणारी सायकल तिच्या डाव्या हाताला असते आणि थेट तिच्या वाटेत येते. जमेल तिथे फ्री लेफ्ट बंद करून सिग्नलखाली आणा. जमत नसेल तर कोपऱ्याची त्रिज्या कमी करा. आतल्या रस्त्यांना ४ ते ६ मीटर पुरते. बस-ट्रक वळत असतील तर कोपऱ्याला थोडा उंच, खडबडीत पट्टा द्या: मोठं वाहन त्यावरून चाक नेईल, कार नेणार नाही.

४.२ कोपऱ्यात बेट करा. ट्रॅक आणि गाड्यांची वळणवाट यांच्या मध्ये कोपऱ्यावर कर्बचं, म्हणजे उंच दगडी किंवा काँक्रीटच्या कडेचं, छोटं बेट ठेवा. थांबलेली सायकल त्याच्या आडोशाला उभी राहते. सायकलींचा छेदरस्ता मुख्य रस्त्याच्या कडेपासून साधारण ५ मीटर आत सरकवा. वळलेली एक कार तेवढ्या जागेत उभी राहते, ड्रायव्हरला सायकल काचेतून समोर दिसते आणि मागच्या गाड्यांना हॉर्न वाजवायला निमित्त राहत नाही. (वाजवतीलच, तो भाग वेगळा.)

४.३ उजवं वळण दोन टप्प्यांत. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे सायकलवाल्याला सगळ्यात अवघड असतं ते उजवीकडे वळणं. तीन लेन ओलांडत मध्ये जाण्याची सक्ती करू नका. त्याने हिरव्या दिव्यावर सरळ पलीकडे जावं, कोपऱ्यातल्या आखलेल्या चौकटीत सायकल उजवीकडे वळवून थांबावं आणि दुसऱ्या दिशेचा दिवा हिरवा झाला की निघावं. ही चौकट सरळ जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेत येता कामा नये. नकाशावर ती सहज बसते, प्रत्यक्षात तिथे वाहतूक पोलिसांची छत्री नाहीतर महावितरणची डीपी (विजेची पेटी) निघते. जागेवर जाऊन पाहा.

४.४ सिग्नलचा वेळ मोजा. साधा सायकलस्वार ताशी १२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरच्या आसपास जातो. ३० मीटर रुंद चौक ओलांडायला त्याला ९ सेकंद, वर पेडल मारून सुटायला २-३ सेकंद. दिवा पिवळा होण्याच्या क्षणी निघालेला सायकलवाला दुसरीकडचा दिवा हिरवा होताना मधोमध असतो. चारही बाजूंचा लाल दिवा त्या हिशेबाने वाढवा. जिथे सायकली जास्त आहेत तिथे त्यांना गाड्यांच्या ४-५ सेकंद आधी सोडा.

४.५ थांबारेषा. गाड्यांची थांबारेषा झेब्राच्या मागे असते, हे कागदावर. प्रत्यक्षात दुचाकी झेब्रावर उभ्या असतात. सायकलींसाठी पुढे राखलेली नुसती रंगवलेली चौकट दुचाकींनी भरून जाईल, हे गृहीत धरा. म्हणूनच ४.२मधल्या बेटाचा आग्रह आहे. कर्बच्या आडची जागा टिकते, रंगाची टिकत नाही.

सर्कल असलेल्या चौकात ट्रॅक सर्कलच्या आतून कधीही नेऊ नका. बाहेरून न्या आणि प्रत्येक रस्ता वेगळा, थोडा आत सरकवून ओलांडू द्या. उड्डाणपुलाच्या तोंडाशी तर फार जपून. सरळ सर्व्हिस रोडने जाणारी सायकल आणि डावीकडून सरकत पुलावर चढणारी गाडी यांच्या वाटा तिथे तिरप्या छेदतात. ट्रॅक त्या तोंडाच्या अलीकडेच सर्व्हिस रोडच्या डाव्या कडेला गेलेला असावा.

तपासा: चौकाच्या नकाशावर सायकलीची रेघ कुठे तुटते का? एका जागी जरी ‘इथून पुढे मिसळून जा’ असं असेल, तरी टप्पा ४ संपलेला नाही.

टप्पा ५: गल्ल्यांची तोंडं, गेटं, बसथांबे

गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे ट्रॅक आणि फूटपाथ खाली उतरवू नका. ते त्याच पातळीवर सरळ जाऊ द्या आणि गाडीला चढून-उतरून जायला लावा. रस्त्यापासून १०० ते १५० मिलिमीटर उंच सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना गाडीसाठी उतार. गाडी हळू होते, पावसात ट्रॅकवर पाणी साचत नाही, आणि वाट कोणाची हे बोर्ड न लावता कळतं.

घरांच्या आणि दुकानांच्या गेटसमोर हीच चूक लहान आकारात, पण शेकडो वेळा होते. प्रत्येक गेटला पूर्ण रुंदीचा उतार दिला की ट्रॅक लाटांसारखा वरखाली होतो. उतार ट्रॅकच्या बाहेर, गाड्यांच्या बाजूच्या आडोशाच्या पट्टीतच संपवा.

बसथांब्यावर ‘आपली बस’ ट्रॅकवर येऊन थांबते आणि प्रवासी सायकलींच्या समोर उतरतात. उपाय एकच: ट्रॅक थांब्याच्या मागून, म्हणजे थांबा आणि फूटपाथ यांच्या मधून न्या. प्रवाशांना उभं राहायला किमान दोन-अडीच मीटर रुंद फलाट ठेवा आणि फलाटाकडे जायला ट्रॅकवर झेब्रा द्या. जागा नसेल तर थांबा वीस मीटर पुढेमागे सरकतो का, हे विचारा. बहुतेक वेळा सरकतो. फक्त कोणी विचारलेलं नसतं.

टप्पा ६: आता सरळ पट्ट्याची रुंदी

चालत्या सायकलीला डुगडुगण्यासह सुमारे १ मीटर जागा लागते. एकाने दुसऱ्याला ओलांडायचं असेल तर २ मीटर. म्हणून एकेरी ट्रॅक २ मीटरपेक्षा कमी नको, दुहेरी ३ मीटरपेक्षा कमी नको. ही रुंदी मोकळी हवी. खांब, झाडाचं आळं, डीपी, कचराकुंडी वजा जाता उरलेली.

२४ मीटरच्या रस्त्याचा एक नमुना: प्रत्येक बाजूला फूटपाथ २.५ मीटर, ट्रॅक २ मीटर, झाडं-खांब-आडोशाची पट्टी १.५ मीटर, मध्ये प्रत्येक दिशेला दोन लेन मिळून ५.७५ मीटर आणि अर्ध्या मीटरचा दुभाजक. बेरीज बरोबर २४. दोन लेनपैकी बसची ३ मीटर आणि आतली पावणेतीन मीटर. साडेतीन मीटरच्या लेनचा हट्ट महामार्गावर ठीक. शहरात लेन जितकी रुंद तितका ॲक्सिलरेटर खाली जातो, आणि मोकळ्या दिसणाऱ्या कडेला गाड्या लागतात.

१८ मीटरच्या रस्त्यावर पार्किंग, ट्रॅक आणि चार लेन हे सगळं बसत नाही. काहीतरी जाणार. काय जाणार ते बैठकीत उघड ठरवा, नाहीतर साइटवर ठेकेदार ठरवतो आणि तो नेहमी फूटपाथच कापतो.

पार्किंग ठेवायचंच असेल तर गाड्या ट्रॅकच्या रस्त्याकडच्या बाजूला उभ्या करा आणि गाडी व ट्रॅक यांच्यामध्ये पाऊण ते एक मीटर पट्टी सोडा. कारचं दार उघडायला तेवढी जागा लागते. ही पट्टी न सोडता आखलेला ट्रॅक दाराच्या टप्प्यातच येतो.

सावधान: एका बाजूला दुहेरी ट्रॅक स्वस्त पडतो म्हणून तो सुचवला जाईल. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी अर्ध्या सायकली ड्रायव्हरच्या नजरेच्या उलट दिशेने येतील. अंबाझरी किंवा फुटाळ्यासारखा तलावाचा किंवा लांब कंपाउंडचा काठ, जिथे गल्ल्याच फुटत नाहीत, तिथे दुहेरी चालेल. धरमपेठेतल्या वेस्ट हायकोर्ट रोडसारख्या, दर थोड्या अंतरावर तोंड असलेल्या रस्त्यावर नाही.

टप्पा ७: दुचाकी, ठेले आणि खांब

नागपुरात ट्रॅकचा खरा प्रतिस्पर्धी कार नाही, दुचाकी आहे. जिथे चाक शिरतं तिथे स्कूटी शिरते. सायकल जाईल अशा कोणत्याही फटीतून ती जातेच, म्हणून तिला थांबवणारं फाटक शोधण्यात वेळ घालवू नका. नागमोडी लोखंडी फाटकं तर लावूच नका. त्यात दूधवाला अडकतो, तीनचाकी सायकल अडकते, व्हीलचेअर अडकते, आणि स्कूटी तिरपी होऊन निघून जाते.

दुचाकी आत शिरते ती बाहेर अडकते तेव्हा. सिग्नलला कुठे रांग लागते ते पाहा. रांगेच्या बाजूचा शंभरेक मीटर ट्रॅक उंच कर्बने सलग बंद करा आणि त्याआधी आत शिरायला जागाच ठेवू नका. मधून शिरता येत नसेल तर फायदा संपतो. राँग साइडने येणाऱ्या दुचाकींसाठी दुभाजकातल्या फटींचं अंतर कमी करणं किंवा यू-टर्नची नीट सोय करणं हे ट्रॅकच्याच कामात धरा.

कार अडवायला बोलार्ड हवेत, पण मोजून. २ मीटरच्या ट्रॅकवर मधोमध खांब लावला तर दोन्हीकडे मीटरभरही जागा उरत नाही. तो एका बाजूला सरकवा, म्हणजे एकीकडे साधारण १.३ मीटर मोकळी मिळते. खांब कमरेइतका उंच, वर परावर्तक पट्टी, आणि जमिनीवर त्याच्या आधी पांढरी खूण. गुडघ्याएवढा काळा खांब रात्री सायकलवाल्याला पाडतो.

ठेलेवाल्यांबद्दल: त्यांना हटवून ट्रॅक केला तर पंधरा दिवसांत ते ट्रॅकवर परत येतात, कारण गिऱ्हाईक तिथेच असतं. तर्री-पोह्याचा ठेला सकाळी जिथे लागतो तिथे आडोशाच्या पट्टीत त्याची जागा आखा आणि गिऱ्हाईक फूटपाथच्या बाजूला उभं राहील अशी मांडणी करा. पथविक्रेता कायदा २०१४ सालचा आहे आणि नगर पथविक्रेता समिती याच कामासाठी असते. तिला आराखडा दाखवा.

टप्पा ८: पृष्ठभाग, पाणी, सावली

सिमेंट रोड ही आपल्या शहराची खासियत, आणि सायकलच्या बारीक टायरला तिचे दोन सापळे आहेत. पहिला, जुन्या रस्त्यावर चढवलेल्या सिमेंटची कड: स्लॅब आणि बाजूची पट्टी यांत काही इंचांचा फरक राहतो, आणि कडेला सरकलेली सायकल खाली घसरते किंवा वर चढताना आडवी होते. दुसरा, प्रवासाच्या दिशेने जाणारा लांबट सांधा. त्यातला भराव निघाला की टायर आत बसतो. ट्रॅकची आखणी अशी करा की हा सांधा आणि ही कड ट्रॅकच्या रुंदीत येणारच नाहीत.

गट्टू (पेव्हर ब्लॉक) वापरू नका. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचे गट्टू खालीवर होतात. काळी माती काढून मुरूम आणि गिट्टीचा नीट दाबलेला थर द्या, त्यावर मशीनने अंथरलेलं डांबर किंवा आडवी झाडू-रेघ दिलेलं काँक्रीट. काँक्रीटचे आडवे सांधे करवतीने कापलेले, अरुंद हवेत.

उतार एका बाजूला, दोन ते अडीच टक्के. पाण्याच्या जाळ्या शक्यतो ट्रॅकच्या बाहेर ठेवा. आत आल्याच तर सळ्या प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या सळ्यांची जाळी पुढचं चाक गिळते. हे इतकं साधं असून इतक्या वेळा चुकतं की कार्यादेशात ते चित्रासकट टाका. चेंबरची झाकणं पृष्ठभागाशी समतल. २३ सप्टेंबर २०२३च्या पुरानंतर नाग नदीकाठच्या आणि अंबाझरीखालच्या भागात काम करणाऱ्यांनी ट्रॅकचा कर्ब पाणी अडवणारा बांध होत नाही ना, हेही पाहावं. ठरावीक अंतरावर कर्बला तोंड ठेवा.

रंग फक्त छेदांवर: गल्लीचं तोंड, चौक, पार्किंगचं गेट. पूर्ण ट्रॅक गुळगुळीत रंगाने माखला तर पहिल्या पावसात घसरगुंडी होते, आणि सगळीकडेच रंग असला की धोक्याच्या जागी तो वेगळा दिसत नाही.

सावलीला इथे शोभेत धरू नका. उत्तर-दक्षिण रस्त्यावर दुपारनंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून झाडांची ओळ ट्रॅकच्या पश्चिमेला पडेल असं पाहा. कडुनिंब लावा. आहे ते झाड तोडू नका, ट्रॅक वळवा. वृक्षतोडीला १९७५च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यान्वये परवानगी लागते. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती मोकळी सोडा. काँक्रीटने गळा आवळलेलं झाड वादळात ट्रॅकवरच पडतं.

टप्पा ९: आधी तात्पुरतं करून पाहा

पक्कं बांधकाम करण्याआधी शंकू, प्लास्टिकचे बोलार्ड, वाळूची पोती आणि खडूच्या रेघा वापरून किमान तीन-चार आठवडे तोच आराखडा रस्त्यावर चालवा. रविवारी सकाळी फीत कापून दुपारी उचलायचा कार्यक्रम म्हणजे चाचणी नव्हे. कामाचे दिवस, शाळेची वेळ, एखादा पाऊस, एक बाजाराचा दिवस यात आलाच पाहिजे.

रस्त्यावर मिरवणुकी आहेत का, तेही पाहा. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक महाल-इतवारीतून निघते, गणेशविसर्जन असतं, आणि दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. अशा रस्त्यांवरचे बोलार्ड काढता येणारे हवेत, आणि किल्ली कोणाकडे हे लिहून ठेवलेलं हवं.

चाचणीत टप्पा २ची मोजणी पुन्हा तशीच करा: तेच दिवस, त्याच वेळा, त्याच जागा. दुकानदारांशी बोलताना मत विचारू नका, माल कधी उतरतो ते विचारा. सकाळी ११च्या आत उतरत असेल तर वेळेची खिडकी देऊन निम्मा विरोध मिटतो.

टप्पा १०: कामाचा क्रम आणि ताबा

क्रम असा: जमिनीखालच्या वाहिन्या आणि भविष्यातल्या केबलसाठी रिकामे पाइप, नाल्या, खांब-डीपी हलवणं, चौकातली बेटं आणि कर्ब, ट्रॅकचा थर, दिवे, मग पृष्ठभाग, खुणा, फलक, शेवटी बोलार्ड. चौक पूर्ण झाल्याशिवाय सरळ पट्टा वाहतुकीला खुला करू नका, कितीही दबाव आला तरी.

दिव्यांची दिशा तपासा. रस्त्यासाठी लावलेला दिवा झाडाच्या पलीकडे असतो आणि ट्रॅक अंधारात राहतो. संध्याकाळी सातनंतर जाऊन पाहा.

ताबा घेण्याआधीची तपासणी सायकलवर बसूनच करा, गाडीतून नाही:

- सगळा रस्ता दोन्ही दिशांनी न उतरता पार करता येतो का?
- मागे दुधाचे कॅन किंवा कॅरिअरवर मूल असताना प्रत्येक वळण निघतं का?
- सांध्यावर, झाकणावर, उतारावर हँडलला हिसका बसतो का? बसला तिथे खडूने फुली मारा आणि दुरुस्तीशिवाय अंतिम बिल निघू देऊ नका.

देखभाल करारातच लिहा. २ मीटरच्या ट्रॅकवर मोठं झाडू-मशीन शिरत नाही, म्हणून हाताने झाडण्याची पाळी नेमा, नाहीतर वाहनांनी उडवलेली गिट्टी आणि पानगळ सगळी ट्रॅकवर येऊन साचते. कुणी खोदलं तर ट्रॅक पूर्ण रुंदीत पुन्हा अंथरायचा, फक्त चराचा पट्टा नाही, ही अट खोदकामाच्या परवानगीत टाकून घ्या.

पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्याच दिवशी सकाळी पूर्ण रस्ता फिरा. पाणी कुठे थांबलं, कुठला चर खचला, गाळ कुठे साचला याचे फोटो जागेसह घ्या आणि दोषदायित्व कालावधी (ज्या काळात दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचे असतात) सुरू असतानाच ठेकेदाराला लेखी कळवा. तीच यादी दिवाळीनंतर आणि पुढच्या जूनआधी पुन्हा तपासा.